राउशानच्या तीन टाक्या

राउशानचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. त्या सुमारास तिचा नवरा झैनोल्ला खोकतच उठायचा आणि पहिली सिगारेट पेटवायचा. त्याच्यापुढे दुधाचा चहा ठेवून ती शाख्तिंस्क गावच्या कोळसा खाणीच्या दुरुस्ती कारखान्यात यायची. मी तिथे जुळणीचं काम करायचो; तिचं लेथ मशीन माझ्या बाकाशेजारी. तिने कातलेला भाग मी कधी पुन्हा मोजला नाही.

झैनोल्लाचा जन्म कोळशाखाली गेला होता. सिगारेट सुटली नाही तर हा हिवाळा शेवटचा, असं डॉक्टर बोलले. तेव्हा राउशानने बाजारातून वेपच्या, म्हणजे सिगारेटऐवजी वाफ ओढायच्या यंत्राच्या, तीन टाक्या आणल्या. तयार नव्हेत, आपल्या हाताने तार गुंडाळून, कापूस भरून बांधायच्या. तार तापली की कापसातल्या तंबाखूच्या चवीच्या रसाची वाफ होते, तीच ओढायची.

जेवणाच्या सुट्टीत तिने त्या माझ्या बाकावर उघडल्या. पहिलीत जागा ऐसपैस, दोन तारा बसत. पण एवढ्या पोकळीत वाफ विरून जाई, चव पाण्यासारखी. दुसरीत हवा बाजूने येई. ओढायला हलकी, गळतही नव्हती, चव अर्धी. तिसरी अरुंद. एक तार बसवताना बोटं दुखत. पण हवा थेट तारेखालून येई आणि तंबाखूची चव पुरी उतरे.

संध्याकाळी घरी झैनोल्लाने तिसरी ओढली. "अगं, ही खरी आहे," म्हणाला.

सिगारेट बंद झाली. मग थंडी पडली, त्याची छाती आवळली.

"ओढवत नाही गं. खाणीतला पंप लावून दे."

"दोष तुमच्या छातीचा आहे, टाकीचा नाही."

"मग छाती चढव लेथवर!"

"दुसरी घ्या ना."

"ती? धुऊन वाळवलेला तंबाखू नुसता."

राउशानने तिसरीचं हवेचं भोक मोठं करायचं ठरवलं. आमच्या कारखान्यात तोच धडा होता: ओढ कमी पडली की वाट रुंद करा. पंप असो, नळी असो. मी म्हणालो, "बिघडली तर?"

"माझ्या हातून?"

काम स्वच्छ झालं. कडेला कुसळसुद्धा नाही. झैनोल्लाला ओढ जमली, चव मात्र गेली. जास्तीची हवा वाफेला थंड करून पळवत होती. राउशानने जाड तार लावली, खाली बसवली, कापूस कमी केला. काही नाही. भोक पुन्हा अरुंद करायला मी पितळेची बारीक नळी कातून त्यात बसवली. तापल्यावर पितळेची चव आली. झैनोल्ला थुंकला.

तशीच नवी टाकी आणायला ती पुन्हा बाजारात गेली. एव्हाना वेपच्या विक्रीवर बंदी आली होती.

"आपा, आता विकली तर मला आत टाकतील," दुकानदार म्हणाला. "तुम्ही सोडवायला येणार का?"

घरी आली तेव्हा झैनोल्ला खिडकीशी सिगारेट ओढत बसला होता. ती पाकीट घ्यायला पुढे झाली.

"राहू दे गं," तो म्हणाला. "तू दमलीस."

तिने हात मागे घेतला.

फेब्रुवारीत तो गेला. येत्या उन्हाळ्यात त्याला बुराबायच्या तळ्याकाठी, पाइनच्या हवेत नेऊन ठेवायचं म्हणून राउशान पगारातून पैसे बाजूला टाकत आली होती. त्या पैशांतून घोडा आला; आमच्याकडे मयताच्या चाळिसाव्या दिवशी घोडा कापून जेवण घालतात. मांस सगळ्यांना पुरलं.