तोरण्यावरची तळहाताएवढी गादी

अय्युबचाचांच्या दुकानात उभ्या उभ्या गादीची ऑर्डर देता येत नाही. "बसा आधी. उभ्या माणसाला घाई असती," असं म्हणत ते स्टूल पुढं सरकवतात आणि गिऱ्हाईक टेकल्याशिवाय कापसाला हात लावत नाहीत. भोरला त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. मी जन्माची घायकुती. लग्नानंतर पहिली गादी सांगायला गेले, तेव्हाच आमचं वाजलं होतं. मला पाचव्या मिनिटाला निघायचं होतं आणि हा माणूस शांतपणे विचारत होता, "कुशीवर झोपतीस का पाठीवर?"

आता मात्र मी त्यांना मुलीसारखी. अन्वरीचाची तर मला त्यांच्यापेक्षा जास्त ओरडते.

चाचांचं उभं आयुष्य बसून गेलं. आधी कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून आणि पुढं मशीन आल्यावर टेम्पोनं, दरवर्षी दिवाळीच्या आधी ते वेल्ह्याकडची गावं करायचे. कुणाच्या तरी गच्चीवर बसायचं, जुनी गादी उसवायची, दबून गेलेला कापूस पिंजून फुलवायचा, खोळीत भरून परत टाके घालायचे. मान वर केली की समोर तोरणा. "तीस वर्षं त्याच्या पायथ्याला बसून लोकांच्या झोपेची सोय केली," ते म्हणायचे. "एकदा वर जाऊन बगायचं हाय, ती घरं तिथनं कशी दिसत्यात."

हे ते इतकी वर्षं म्हणत होते की आम्ही ऐकणंच सोडून दिलं होतं. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे दुखायला लागले. डॉक्टरांनी वजनकाट्यावर उभं केलं, चौऱ्याण्णव किलो. वजन उतरवलं नाही तर दोन वर्षांत दुकानाच्या पायऱ्यासुद्धा जड जातील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. चाचा घरी आले, ओट्यावर बसले, बराच वेळ बसले आणि चाचीला म्हणाले, "तोरणा आत्ताच चढाय पायजे. नंतर न्हाई जमायचा."

"आधी सकाळचे वडे बंद करा," चाची म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दोघं पहाटे भाटघरच्या रस्त्यानं चालायला लागले. चाची बरोबर असायची ती पहारेकरी म्हणून, कारण त्या रस्त्यावर वड्याची एक गाडी लागते. मीही जायला लागले. योगाचा क्लास तिसऱ्या दिवशी आणि इंग्रजी बोलण्याचा पाचव्या दिवशी सोडलेली बाई मी. इथं टिकले ती चाचांच्या गप्पांमुळं. चार महिन्यांत त्यांचं वजन नऊ किलो उतरलं आणि माझा धीर सुटला. "आता किती चालायचं? जाऊ या की वर," असा मी धोशा लावला.

पुण्याहून त्यांच्या लेकीनं, समीनानं बूट पाठवले होते. एक नंबर मोठे निघाले. बदलून यायला आठ दिवस लागणार होते. मी म्हटलं, "तेवढ्यासाठी कशाला थांबायचं?" चाचांनाही ते पटलं, आणि त्यांनी जे केलं ते भोरात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं. त्यांनी बुटांत कापूस भरला! चांगला, स्वतःच्या हातानं पिंजलेला, पंज्याला थोडा आणि टाचेला जास्त. घालून दोन पावलं टाकली आणि राजासारखे हसले. "गादीवरून चालल्यागत वाटतंय."

सप्टेंबर संपत आला होता. एसटीनं नसरापूर आणि तिथून जीपनं वेल्हे गाठलं. वाटेवर गवत ओलंचिंब, मध्येच पाण्याचे ओहळ. चाचा पहिला तासभर गाणी म्हणत होते. मग गाणी थांबली. लोखंडी कठडे लावलेला कातळ आला तिथं ते थांबले आणि एका दगडावर बसले. माथा तासाभरावर होता. त्यांनी सावकाश बूट काढले.

आतून कापसाचे चार गोळे निघाले, दगडासारखे घट्ट. दोन्ही टाचा सोलून लाल झाल्या होत्या. ओला कापूस गोळा होतो, गादीला पाणी लागू देऊ नका, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून ज्या माणसाची जीभ झिजली, त्यानंच ओल्या गवतात कापूस घालून चालावं! चाची कपाळाला हात लावून हसत सुटली. चाचाही हसले. मग त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाले, "चला खाली."

मला भयंकर राग आला. मी त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होते. "चाचा, एक तास राहिलाय! चार महिने ह्यासाठी चाललो आपण? जरा नेट लावून चढा की!"

"चढायला एक तास हाय, खरं हाय. उतरायला तीन हायत. ह्या पायांनी वर गेलो तर खाली कोन आननार मला? तू?"

"तुमच्याच्यानं काही व्हायचं नाही!" मी म्हणाले. शब्द तोंडातून गेले ते गेलेच.

कापसाचे गोळे चाचांनी रुमालात बांधून पिशवीत टाकले. कापूस टाकून देणं त्यांच्या हाताला ठाऊकच नाही. परतीच्या एसटीत ते अनवाणी, बूट मांडीवर घेऊन बसले होते आणि जो विचारेल त्याला सगळी हकीकत रंगवून सांगत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. पुढचे आठ दिवस मी तोंड चुकवलं.

बातमी आमच्याआधी भोरात पोचली. "काय चाचा, तोरण्याला कुलूप व्हतं काय?" चहाच्या टपरीवर रोज कुणीतरी विचारायचं. "कुलूप न्हाई, कापूस व्हता," म्हणून चाचा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसायचे. टाचा बऱ्या झाल्यावर त्यांनी बूट बदलून मागवले आणि नवे बूट घालून परत भाटघरचा रस्ता धरला. एका पहाटे त्यांनी माझी कडी वाजवली. "माधुरी, येतीस न्हवं? चाची एकटीच बोलती, मला ऐकाय कोन न्हाई." मी गेले. माफी मागायची होती, पण ती काही जिभेवर येईना.

डिसेंबरात मला वाटलं, आता हे बंद पडणार. वेल्ह्याला नवीन लॉज काढलेला एक माणूस दुकानात आला. पन्नास गाद्या, जानेवारीच्या आत. म्हणजे पहाटे चारपासून मशीन. चाचांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि उद्या सांगतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वीस गाद्या स्वतः घेतल्या आणि बाकीच्या नसरापूरच्या गादीवाल्या सरफराजला दिल्या.

"एवढं मोठं काम हातचं सोडलं?" मी विचारलं.

"गाद्या पुढल्या साली बी मिळतील," ते म्हणाले. "गुडघे न्हाई मिळायचे."

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही परत वेल्ह्याला उतरलो. वाट कोरडी खडखडीत होती. चाची सगळ्यांत पुढं. साठीकडं झुकलेली ही बाई प्रत्येक वळणावर आमच्या आधी पोचून वरून ओरडायची, "आलात का झोपलात?" कठड्यांचा तो कातळ आला. चाचा नेमके त्याच दगडावर बसले आणि त्यांनी बूट काढले. आता ते खाली म्हणाले तर काहीही बोलायचं नाही, असं मी मनाशी घोकत होते. त्यांनी टाचा चाचपल्या, गुडघे चोळले, पाण्याचे दोन घोट घेतले, बूट झटकून परत घातले.

"चला वर," ते म्हणाले.

कठडे धरत, कातळावर हात टेकत, बसत उठत ते चढले. किल्ल्याच्या बिनी दरवाज्यातून आत शिरताना त्यांनी मुलानं मारावी तशी आरोळी ठोकली. मला इतका आनंद झाला की मी भर गर्दीत टाळ्या पिटल्या आणि अनोळखी पोरांनीही पिटल्या.

तटापाशी जाऊन ते वेल्ह्याकडं तोंड करून उभे राहिले. खाली घरं काडेपेट्यांएवढी दिसत होती. चाचा बोट दाखवायला लागले. "ती निळी टाकी हाय न्हवं, ती गेनूची गच्ची. चार गाद्या. त्याच्या मागं पत्र्याचं सखूबाईचं. एक गादी, सहा उशा. तिकडं रामभाऊ, लेकीच्या लग्नाच्या दोन." अख्खं गाव ते गाद्यांवरून ओळखत होते. चाचीनं पाण्याची बाटली पुढं केली.

मग त्यांनी पिशवीतून एक छोटी गादी काढली, तळहाताएवढी. लाल पट्ट्यापट्ट्यांची खोळ, चारी बाजूंनी काठ आणि मधोमध नऊ टाके, अगदी खऱ्या गादीसारखे. ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"कापूस वळखला का?"

"बुटातला?" मी किंचाळलेच.

"धुतला, उनात टाकला, पिंजला. बग कसा फुललाय. तुझ्यासाठी केली. त्या दिवशी तू लई तापलीवतीस, पन राग खोटा नव्हता. मी वर पोचाय पायजे, असं माज्यापेक्षा तुलाच जास्त वाटत व्हतं."

चार महिने अडकलेली माफी आत्ता कुठं बाहेर आली. "चुकलंच माझं, चाचा. तुम्ही बसून विचार केलात. मी उभी होते."

"म्हनून तर गादी दिली," चाचा म्हणाले.

"हिच्यावर मांजरसुद्धा मावायचं नाही!"

"आता त्यावर भांडू नका," चाची डबा सोडत म्हणाली. "बसा दोघं बी."

ती चिमुकली गादी मी तटाच्या दगडावर ठेवली आणि तिच्या शेजारी बसले.