कुसळ काढणारा डॉक्टर

त्याला खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई. एरवी सगळं वर्कशॉप त्याला डॉक्टर म्हणे. शिक्षण यथातथाच, काम लेथवरचं; पण कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला की तो आधी याच्याकडे येणार. डॉक्टर त्याला खिडकीखाली बसवी, आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळी, पापणी उलटी करी आणि म्हणे, "वर बघ. मी आहे ना." कण निघाला की चहा मिळे. माणसाची रजा वाचे म्हणून मालकही खूश. कामाचे चष्मे कपाटात होते, आले तसेच खोक्यात. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि यालाही ते झाड मजबूत वाटू लागलं.

बायकोच्या धाकट्या भावाला यानेच तिथे चिकटवलं होतं. "माझ्या नजरेखाली राहील," असा सासूला शब्द दिला होता.

एके दिवशी अडकलेली पिन काढायला मेहुणा छिन्नीवर हातोडा घालत होता. मध्येच थांबला आणि डोळ्यावर हात ठेवून खिडकीपाशी आला.

"भावजी, काहीतरी गेलं बघा. फार दुखत नाहीये, पण धुरकट दिसतंय."

डॉक्टरने पापणी उलटली. कण दिसेना. काडी फिरवली, दाबून पुन्हा फिरवली. पांढऱ्या भागावर एक लाल ठिपका होता आणि एरवी गोल असणारी बाहुली एका बाजूला ओढल्यासारखी टोकदार झाली होती. हे त्याने नीट पाहिलं. असलं काही त्याने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पण भोवती माणसं जमली होती. "मला समजत नाही, दवाखान्यात जा," एवढं म्हणायला काय जीव जात होता? पण मेल्याच्या तोंडून निघालं नाही.

"काही नाही रे, खरचटलंय. पाणी मार आणि कामाला लाग."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. इथे तर कुसळही दिसलं नव्हतं. पोलादाची कपची त्या लाल ठिपक्यातून सरळ डोळ्यात शिरून आत बसली होती. हे त्याला पुढच्या आठवड्यात कळलं, मेहुण्याचा डोळा सुजून पुवाने भरल्यावर.

"त्याच दिवशी आणायचं होतं," दवाखान्यातली खरी डॉक्टरीण म्हणाली. "न चोळता, न दाबता, वर नुसती वाटी झाकून. काही आशा होती. आत काडी कुणी फिरवली?"

मेहुण्याने नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टरला वाटलं.

डोळा काढावा लागला. तेव्हापासून बायको ताट वाढते आणि उठून जाते. घालूनपाडून बोलत नाही, रडत नाही. अशा घरात घास गिळणं सोपं नसतं.

मालकाने मेहुण्याला हत्यारं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसवलं. काही महिन्यांनी ग्राइंडरवाला डोळा चोळत आला आणि सवयीने डॉक्टरपुढे बसला.

"चोळू नकोस!" डॉक्टर ओरडला. "मी हात लावणार नाही. दवाखान्यात जा."

"वा! घरच्याचा घालवून झाल्यावर बरं शहाणपण सुचलं!"

सगळे हसले. तेवढ्यात फिटरने खिशातून आगपेटी काढली, काडीला कापूस गुंडाळला. "वर बघ," तो म्हणाला, "मी आहे ना."

हे शब्द डॉक्टरचेच होते.

मेहुणा खिडकीवरून उठून आला. काळा चष्मा काढून तो ग्राइंडरवाल्याच्या तोंडासमोर वाकला आणि तसाच थांबला. हसणं विरलं. फिटरने काडी टाकून दिली. ग्राइंडरवाला उठला.

"चल, मी येतो बरोबर," मेहुणा त्याला म्हणाला.

डॉक्टरही हात पुसत दोन पावलं पुढे झाला. मेहुण्याने चष्मा पुन्हा चढवला.

"तुम्ही नको, भावजी. तुम्ही कामाला लागा."