मुळावरची पोर

माझा जन्म पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका धानाच्या खेड्यातला. गावच्या जोशीबुवांनी पंचांग पाहून सांगितलं, पोर मूळ नक्षत्रावर आली, बापाला जड आहे. मग मुळाची शांत केली. सत्ताविसाव्या दिवशी बाबांनी पितळेच्या परातीतल्या तेलात माझं तोंड पाहिलं आणि विधी पुरा झाला. तिथंच सगळं संपायला हवं होतं. पण मी सहा महिन्यांची असताना जंगलात सागाचं लाकूड गाडीवर चढवताना ओंडका घसरला आणि बाबांच्या गुडघ्यावर आला. पाय राहिला, पण पुन्हा कधी वाकला नाही. त्या दिवसापासून बाबांनी माझ्याकडे पाहणं सोडलं.

हे मला कोणी सांगितलं नाही. घरात वावरता वावरता कळत गेलं. बाबांनी मला कधी मारलं नाही, कधी रागावले नाहीत. बाजारातून फुटाणे आणले तर माझा वाटा आईच्या हाती देत. ते जेवायला बसले की आई म्हणे, "जाय बाई, मांगं बस." मी मागच्या पडवीत गवऱ्यांजवळ बसे. धाकटी बहीण त्यांच्या मांडीवर चढून काहीबाही बडबडे, ते हसत. त्यांचं हसणं मला फक्त ऐकून माहीत.

सात वर्षांची असेन. बाबा अंगणात हातात आरसा धरून दाढी करत होते. मला वाटलं, तेलात पाहिलेलं चालतं तर आरशातलंही चालेल. हळूच पाठीमागे जाऊन उभी राहिले. आरशात आमची नजर भेटली. बाबांनी आरसा जमिनीवर पालथा ठेवला आणि उरलेली दाढी चाचपत केली. गाल कापला. आई धावत आली.

"काऊन गेली तू तिथी? काऊन गेली?"

त्यांच्या गालावरचं रक्त माझ्यामुळे आलं, एवढंच कळलं.

सतरावं लागलं तेव्हा चांद्याकडचं एक स्थळ आलं. मुळावरची सून सासऱ्याला जड म्हणतात, म्हणून त्यांनी पत्रिका नीट मांडून मागितली. आमच्याकडे जन्मवेळ लिहिलेला जुना कागद तेवढा होता. मामा मला आणि आईला घेऊन चांद्याच्या एका म्हाताऱ्या ज्योतिषाकडे गेला. त्यानं त्या वर्षाचं पंचांग काढलं, बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.

"कोनं सांगतलं तुमाले हे? मूळ तं त्या दिवशी सकाळीच संपलं. पोरगी दिवेलागणीची. मुळावरची नाईच हे."

मामाला हसू आवरेना. आई भिंतीला टेकून बसली. "सोळा वर्सं," ती म्हणाली, "सोळा वर्सं मी इले मांगं बसवलं." मला आनंद व्हायला हवा होता. पण बाबांना हे कोण सांगणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

घरी गेल्यावर आईनंच सांगितलं. बाबा ओसरीवर अंबाडीचा दोर वळत होते. मी दाराआड उभी होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग माहा पाय कोनं मोडला?"

त्यांच्या हातात धरायला तेवढं एक कारण होतं, तेही आम्ही चांद्याहून येऊन काढून घेतलं.

लग्नात त्यांनी खाली मान घालून कन्यादान केलं.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले, तेव्हा मी अंगणात भांडी घासत होते. बाबा काठी टेकत आले आणि समोरच्या दगडावर बसले. त्यांच्या पावलांवरून कळलं, ते माझ्याकडे तोंड करून बसलेत.

"वर पाय, माह्याकडं," ते म्हणाले. जन्मात माझ्याशी बोललेला त्यांचा पहिला शब्द.

माझी मान वर होईना. खरंच होईना. हात राखेत तसेच राहिले. दारातून आई रडवेल्या आवाजात म्हणत होती, "पाय ना बाई, बाबा बोलवून राह्यले." मी हातातल्या पितळेच्या परातीकडे पाहत राहिले.

बाबांनी थोडी वाट पाहिली. मग काठीवर भार देऊन उठले आणि बैलांना पाणी पाजायला गेले. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी तसं म्हटलं नाही. मीही कधी वर पाहिलं नाही.