ज्युलियसचा उलटा कोयता

दोन वर्षांपूर्वी ज्युलियसला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा हॉस्पिटलातल्या पोरींनी त्याला डाव्या हाताने चमचा धरायला शिकवलं, सदऱ्याची बटणं लावायला शिकवलं. लाकूड तोडायला मात्र कुणी शिकवलं नाही. ते तो आपलं आपणच शिकला, घराच्या मागच्या बाजूला, कुणी बघत नाही ना याची खात्री करून.

त्याचं गावठाण अंधेरीत, मेट्रोच्या खांबांपासून पाच मिनिटांवर, टॉवरांच्या मध्ये अंग चोरून बसलेलं. मे महिना लागला की इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, बायका वर्षाचा बाटली मसाला करायला घेतात. पंचवीस-तीस जिनसा, एकेक वेगळी भाजायची, तीही लाकडाच्या आचेवर. ज्युलियसच्या अंगणातल्या चुलीवर चार घरांचा मसाला भाजला जाई, आणि लाकडं पुरवायचं काम चाळीस वर्षं त्याच्याकडे. आजारपणानंतरचे दोन मे गॅसवर गेले. मसाला झाला, पण त्याची बायको विनी बाटली उघडताना दरवेळी नाक मुरडायची.

यंदा त्यांच्या मुलीने, शर्लीने, स्पष्टच सांगितलं. "पापा, शेवटचा चान्स. लाकूड पुरलं तर चूल, नाय पुरलं तर पुढच्या वर्षीपासून मिरच्या सरळ गिरणीत. तिथे भाजायचं मशीनपण हाय."

"मशीन!" ज्युलियस म्हणाला आणि उठून मागे गेला. त्याच्या मते हा वाद इथेच संपला होता.

पावसाआधी पालिकेची माणसं रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या छाटतात. ज्युलियस नातीची जुनी बाबागाडी ढकलत त्यांच्या मागे हिंडायचा. गुलमोहराला हात लावायचा नाही, धूर फार. रंगवलेल्या चौकटी कुणी फुकट दिल्या तरी नको, मसाल्याला वास लागतो. चिंच मिळाली तर सोनं. पाय ओढत, दर विजेच्या खांबाशी थांबत तो गाडी घरी आणायचा आणि मागच्या पत्र्यावर फांद्या वाळत घालायचा.

तोडायची तऱ्हा त्याची स्वतःची. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणजे कोयता उगारायची बातच नको. म्हणून त्याने कोयताच उलटा केला. एका ओंडक्यात तो धार वर करून रोवला, विळीसारखा. समोर पाटावर बसायचं, फांदी धारेवर ठेवून उजव्या कोपराने दाबायची आणि डाव्या हाताने धुणं बडवायची मोगरी वरून हाणायची. तीन घावांत तुकडा. कधी पाच. उजव्या हाताची बोटं सारा वेळ थरथरत राहायची, आणि ती थरथर कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून तर सगळा कारभार मागच्या दारी. मोठा मानी माणूस.

पण मानी माणसाला मिरवल्याशिवायही राहवत नाही. मसाल्याच्या चार दिवस आधी त्याने तोडलेली सगळी लाकडं पुढच्या दाराशी आणून छातीएवढी रचली, अगदी कडा जुळवून. तिथेच चुकलं. गावठाणात दाराशी एवढी लाकडं रचली जातात ती फक्त लग्नाच्या स्वयंपाकाला.

संध्याकाळपर्यंत शर्लीच्या मुलीचं, ॲन्ड्रियाचं लग्न ठरल्याची बातमी गावठाणाच्या टोकाच्या क्रॉसपर्यंत पोचली. बँडवाला तारीख विचारून गेला. ॲन्ड्रिया ऑफिसातून आली ती कपाळाला हात लावून. "मम्मी, नवऱ्याचं नाव तरी विचारून ठेव ना यार!"

पलीकडच्या गल्लीतली ऐंशीची फिलूमावशी तर लग्नाचे फुगे, म्हणजे मैद्याचे गोल पाव, तळायला यायचं कबूल करून बसली. तिला खरं सांगितलं तेव्हा ती क्षणभर हिरमुसली, मग म्हणाली, "लगीन नाय तर नाय. चूल तर पेटतेय ना? मंग मीपण माझ्या मिरच्या आणतंव." तिचं ऐकून आणखी सहा घरं आली. नाही म्हणणं विनीच्या स्वभावात नव्हतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून चूल पेटली ती चार घरांऐवजी अकरा घरांसाठी. अंगणभर मिरच्यांचा खकाणा, शिंका, हसणं, कुणाचं भाजायचं खापर आधी यावरून लटकी भांडणं. ज्युलियस खुर्चीत साहेबासारखा बसला होता. दुपारी दोनला त्याने लाकडांच्या राशीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. पाचसहा तुकडे उरले होते. दोन घरांचे धणे-तीळ अजून बाकी होते.

शर्लीनेही बघितलं. ती गॅसच्या शेगडीकडे वळली.

मागे पत्र्यावर चिंचेच्या अख्ख्या फांद्या होत्या. पण मागे बसून तोडायच्या आणि एकेक तुकडा पाय ओढत पुढे आणायचा, तेवढ्यात आच विझली असती. ज्युलियस मागे गेला. परत आला तो कोयत्याचा ओंडका आणि चिंचेच्या फांद्या गोणपाटावर घालून फरपटत. भर अंगणात, तीस माणसांच्या मधोमध त्याने पाट टाकला, बसला, फांदी धारेवर ठेवली आणि मोगरी हाणली.

खापरं सोडून सगळे बघू लागले. पहिला घाव सटकला. दुसराही. उजवा हात लुगड्याच्या पदरासारखा फडफडत होता आणि ज्युलियसला मान वर करवेना.

"काय रे," फिलूमावशी ओरडली, "बायकांसारका इळीवर बसलास तो! बोंबील कापतस का लाकूड?"

सगळं अंगण खो-खो हसलं. ज्युलियसही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मिरच्यांचा ठसका होताच म्हणा. तिसऱ्या घावाला चिंच तुटली.

शर्ली शेगडी सोडून त्याच्यासमोर उकिडवी बसली. फांदीला हात लावायला गेली तशी त्याने मोगरी रोखली. "धरू नको. मला येतंय."

"धरत नाय," ती म्हणाली. "बघतेय, कसं करायचं ते. पुढच्या वर्षी आपण दोन कोयते लावू."