दसऱ्याचा पाव्हणा आणि होडीची आकडी

विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी जिथवर फुगतं, तिथं काठाला एक गाव. गावात एक म्हातारा होता, एक म्हातारी होती, त्यांना एक लेक होता, एक सून होती. म्हाताऱ्याचं नाव मारोतराव. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण गोष्टीत घ्यावंच लागतं. लेक ज्ञानोबा, सून सुमन. आणि म्हातारी गयाबाई, म्हणजे मीच. माझ्या हातून काय घोळ झाला ते आता सांगते. खुशाल हसा. मी बी हसते, रडून झालं की.

मालकांची लहानशी शिडाची होडी होती. मासे धरायचे, त्यावर संसार चालला. त्या होडीत एक आकडी होती. लांब वेळू, टोकाला लोखंडी आकडा. आमच्या काठाला नुसते खडक, होडी काठावर घेतली तर फुटायची. म्हणून कंबरभर पाण्यात एक खुंट रोवलेला, त्याला दोराचा फास. शीड उतरवायचं, पुढं गुडघ्यावर बसायचं आणि आकडीनं फास ओढून घ्यायचा. उभं राहायचं नाही, आकडी भाल्यासारखी फिरवायची नाही. काम झालं की ती उजव्या कडेला आडवी, आकडा मागं, दोन चिंध्यांच्या फासात. डोळे मिटून हात घातला तरी सापडली पाहिजे. मालक पायातली चप्पल विसरायचे, पण आकडीची जागा कधी चुकली नाही त्यांची.

मागच्या पौषात मालक गेले. झोपेतच गेले.

होडी खुंटाला तशीच. वारं सुटलं की खुंटावर आपटायची, टक, टक. मला वाटायचं, हेच दार वाजवून राहिले. मी काठाकडं पाठ करून भांडी घासायची. ज्ञानोबा तर तिकडं फिरकायचाच नाही. दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचा, आला की गप जेवायचा. मी म्हणलं, लेकराला बापाची होडी बघवत नाही. एक दिवस मीच बोलले, "इकून टाक बाबा ती." त्यानं मान डोलावली. झालं.

जळकोटकडचं एक गिऱ्हाईक मिळालं. त्याच्या गावच्या तलावात होडी पाहिजे होती. अंगानं भरलेला, पांढरं धोतर, पांढरी टोपी. म्हणाला, दसऱ्याला येतो, पाण्यात फिरवून दाखवा, पटली तर मुहूर्तावर घेऊन जातो.

आता आदल्या दिवशी खंडेनवमी. घरात नांगर नाही, तलवार नाही. पुजायचं काय? मी गेले आणि आकडी काढून आणली. धुतली, हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, मालकांच्या फोटोशेजारी उभी केली. पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं. दसऱ्याला सकाळी उठून जागेवर ठेवायची, एवढंच काम. पण सकाळी पाव्हण्यासाठी पुरण शिजत होतं, आणि आकडी फोटोजवळ इतकी शोभत होती, की गेलं ध्यानातून!

पाव्हणा आला, होडीत बसला. ज्ञानोबानं शीड उभारलं. वाऱ्याला अशी पळाली होडी, पाव्हणा एकदम खूश. मग परत आली. ज्ञानोबानं शीड उतरवलं, गुडघ्यावर बसला, न बघताच उजवीकडं हात घातला. हातात काय? दोन चिंध्या!

होडी खुंटाजवळून सरळ पुढं. वल्ही मारून फिरवली, परत हुकली. तिसऱ्या खेपेला पाव्हणा उठून उभा राहिला आणि देवाचं नाव घेऊ लागला. सुमन काठावरून ओरडली, "आत्या, आकडी कुठंय?"

मी घराकडं पळाले. या वयात पळाले बरं का! हारासकट आकडी उचलली, लुगडं खोचलं, पाण्यात शिरले. होडी समोर आली. मी आकडी टाकली, अडकल्यासारखी वाटली, सगळ्या जोरानं ओढली.

होडी हलली नाही. पाव्हणा आला.

आकडा त्याच्या कासोट्यात. हार निसटून गळ्यात. तो कंबरभर पाण्यात बसलेला, टोपी वाहत चाललेली. माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाला, "मावशी, सत्कारच करायचा होता तर काठावर करायचा."

ज्ञानोबा हसला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता होडीतच बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

"माय, मला न्हाई इकायची गं. तू पाठ फिरवतीस म्हनून मी तिकडं जात नव्हतो."

"अन् मी तुझ्यासाठी इक म्हनले रे."

बघा, दोघं एकाच घरात, एकाच ताटलीतलं पिठलं खातो, आणि नऊ महिने एकमेकांसाठी गप!

पाव्हण्याला ज्ञानोबाचं धोतर दिलं, पुरणपोळ्या वाढल्या. त्यानं सहा खाल्ल्या आणि म्हणाला, असली वाकडी होडी मला नको. तोंडानं वाकडी म्हणाला, पण जाताना ज्ञानोबाच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

आता होडी रोज पाण्यात असते. सुमन बी शीड सांभाळायला शिकली, घरात पुन्हा मासळी शिजते. गाव म्हणतं, होडी जाऊ नये म्हणून गयाबाईनं काय डोकं लावलं, म्हातारीची नजर लई दूरची. अहो, कसली दूरची! डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी त्याच्या धोतराची पांढरी घडी शिडाची समजून ओढली होती.