शकुबाईच्या तोंडून

सदाशिवराव भोयर नेरच्या डेपोत कंडक्टर होते, आणि अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे लोक त्यांना तिकिटापेक्षा तोंडासाठी ओळखायचे. गाडीत पाय ठेवायला जागा नसली तरी त्यांच्या बोलण्यावर माणसं हसायची. कोणी सुट्ट्या पैशांवरून भांडायला उठला की सदाशिवराव असं काही बोलायचे की भांडणाऱ्यालाच हसू फुटायचं. रिटायर झाले तेव्हा रोजच्या प्रवाशांनी स्टँडवर त्यांच्या गळ्यात हार घातले. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांचं ऐकायला घरात एकटी बायको, शकुबाई, उरली.

यातून त्यांना देवीलालने बाहेर काढलं. देवीलालचं स्टँडजवळ मोबाईलचं दुकान होतं आणि तो गावाच्या बातम्यांचा एक छोटा चॅनल मोबाईलवर चालवायचा. तेव्हा घरोघरी 'खालचे-वरचे' ही मालिका लागायची. खाली घरमालक गोपाळकाका आणि मंदाकाकू, वर दर वर्षी बदलणारे भाडेकरू, नळावरून भांडण, जिन्यावरून भांडण, आणि शेवटी सगळे हसत चहा पिणार. बरीच वर्षं चाललेली मालिका. देवीलाल म्हणाला, "भाऊ, तुमी स्टँडवर कालच्या भागाबद्दल बोलता ना, तेच मोबाईलसमोर बोला."

सदाशिवराव बोलले. कालचा भाग कसा होता ते वऱ्हाडीतून सांगायचे, गोपाळकाकाची नक्कल करायचे, लेखकाने कुठे माती खाल्ली ते दाखवायचे, आणि शेवटी निकाल द्यायचे: फुल तिकीट, हाफ तिकीट, नाहीतर 'उतरा खाली'. दारव्हा, बाभूळगाव, यवतमाळ, पार पुण्यात नोकरीला गेलेली पोरं, सगळे ते पाहू लागले. आणि प्रत्येक व्हिडिओत एक वाक्य ठरलेलं असायचं. "आमच्या मंडळीले कालचा इनोद काल समजला नाही, आज सकायी भाकरी थापता थापता हासली." या वाक्याची लोक वाट पाहायचे. मंडळी कधी दिसायची नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत मालिका पाहायची, आणि व्हिडिओ चालू असताना भांडी वाजवायची नाही, एवढंच तिचं काम.

सदाशिवरावांना तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची सवय नोकरीच्या पहिल्या वर्षापासून होती. प्लास्टिकच्या पन्नीतली पुडी हातावर घासायची, गालात धरायची, बेल ओढायची. गेल्या दोन-तीन वर्षांत तोंड उघडायला कमी येऊ लागलं. आधी भाकरीचा घास जाईना, मग चमचा आडवा जाईना. त्याचाही त्यांनी विनोद केला. मग गालाच्या आतली जखम भरेना, तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरने तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि नागपूरची चिठ्ठी लिहून दिली.

नागपूरला डावा जबडा आणि जिभेचा बराचसा भाग काढला. छातीची कातडी उचलून गालाला लावली. महिनाभराने त्या गालावर छातीचे राठ केस उगवले. नाकातून नळी, नळीतून दूध, वरणाचं पाणी. बोलायला गेले की घशातून नुसता ओला आवाज यायचा. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा वॉर्डात दुसरंच कोणी ओरडतंय असं त्यांना वाटलं.

ते घरी आले त्याच महिन्यात 'खालचे-वरचे'चा शेवटचा सीझन सुरू होत असल्याची जाहिरात आली. देवीलाल भेटायला आला. चेहऱ्याकडे पाहवेना म्हणून तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बोलला.

"भाऊ, लोक रोज विचारून राह्यले. एवढी वर्सं पाह्यली, आता शेवट आला आन भोयर कंडक्टर कुठं गेले म्हन्ते."

सदाशिवरावांनी पाटी ओढली. ती पाटी शकुबाईने दवाखान्यातून आल्यावर बाजारातून आणली होती. त्यांनी लिहिलं, 'मी लिहितो. ही वाचेल.'

"मी?" शकुबाई म्हणाली. "मले काय येते? सातवी शिकलो मी. मी नाही वाचत जी."

पण तिने वाचलं. दुसऱ्या दिवशी देवीलालने तिला खुर्चीवर बसवलं, डोक्यावर पदर घेऊन ती समोर पाहायलाही तयार होईना. सदाशिवरावांनी लिहून दिलेला कागद तिने रेशन दुकानात नावं पुकारावीत तसा वाचला. विनोदाच्या जागी थांबली नाही, हसली नाही. सदाशिवराव खाटेवरून हाताने खुणा करत होते, इथं थांब, इथं जोर दे, पण तिने मान वर केलीच नाही.

लोकांना ते भयंकर आवडलं. एवढ्या हसऱ्या गोष्टी एवढ्या कोरड्या तोंडाने सांगणारी बाई कोणी पाहिली नव्हती. देवीलालने खालचे शेरे वाचून दाखवले. सदाशिवरावांना बरं वाटलं. शब्द आपलेच होते. त्या दिवशी त्यांनी नळीतून दूध घेताना कटकट केली नाही.

शेवटचा सीझन तसा वाईटच होता. जुने लेखक निघून गेले होते. विनोद संपला की मागून वाजणारं हसू पूर्वीपेक्षा मोठं झालं होतं. सदाशिवराव हे सगळं लिहायचे आणि ती वाचायची. मग एक भाग आला. मंदाकाकूला ताप येतो, गोपाळकाका पहिल्यांदा स्वयंपाक करतात, खिचडीत मिठाच्या जागी साखर पडते, खालचे-वरचे सगळे ती खाऊन तोंडं वाकडी करतात. सदाशिवराव खाटेवर खूप हसले. हसताना जखम ओढली जायची तरी हसले. त्यांनी लिहिलं, या सीझनमधला हा एकच भाग जुन्या दिवसांसारखा, फुल तिकीट.

शकुबाईने ते वाचलं. मग कागद मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदाच सरळ मोबाईलकडे पाहिलं.

"हे यायनं लिहिलं ते झालं. आता मी माह्यं सांगतो. बाई तापानं फनफनून राह्यली, तिच्या आंगावर कोनी गोधडी टाकली नाही. तिकडं खिचडी बिघडली म्हनून सारे हासून राह्यले. इतके वर्सं झाले मी हे पाहून राह्यलो. त्या मंदाकाकूले जेवतानी एक डाव कोनी दाखोलं नाही. सगळ्यायले वाढते. मंग थे जेवते कवा? हे त्या लिहिनाऱ्याले कोनी इचारलं काय?"

देवीलालने मोबाईल खाली घेतला नाही. सदाशिवराव घशातून आवाज काढत होते, हात हलवत होते. तो आवाजही व्हिडिओत आला.

देवीलाल गेल्यावर त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हे माझ्यात नव्हतं.'

"नव्हतं," शकुबाई म्हणाली. "माह्यात होतं." आणि ती दूध गाळायला आत गेली.

तो व्हिडिओ सदाशिवरावांच्या आजवरच्या कोणत्याही व्हिडिओपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. बाया फोन करू लागल्या. गल्लीतली बाई दारात येऊन म्हणाली, "शकुबाई, बरं बोलल्या बाप्पा तुमी." सदाशिवराव आतून ऐकत होते. उमेदीच्या सगळ्या वर्षांत गाडीभर माणसं हसवली, पण असं दारात येऊन कोणी बोललं नव्हतं.

पुढच्या कागदाच्या तळाशी त्यांनी लिहिलं, 'एवढेच वाचावे.' शकुबाईने तेही वाचलं. "एवढेच वाचावे, असं खाली लिहून हाय," असं म्हणून ती थांबली. लोक पोट धरधरून हसले. सदाशिवरावांना कोणीतरी भर स्टँडवर थोबाडीत मारल्यासारखं झालं.

त्यानंतर त्यांनी लिहिणं सोडलं. संध्याकाळी मालिका लागली की भिंतीकडे तोंड करून पडायचे. देवीलाल दोनदा येऊन गेला. शकुबाईला म्हणाला, "वहिनी, तुमी एकट्याच बोला ना." ती म्हणाली, "ते त्यायचं हाय. त्यायले नाही पाह्यजे तं नाही." ती समजूत घालायलाही गेली नाही. तिने विनवावं, मग आपण नाही म्हणावं, असं त्यांच्या मनात होतं. ती विनवतच नव्हती.

एका संध्याकाळी ती नळीत दूध सोडत असताना शेजारच्या घरातून मालिकेचं हसू ऐकू आलं. सदाशिवरावांनी नाकातली नळी धरली आणि ओढून काढली. दूध अंगावर सांडलं, नाकातून रक्त आलं. शकुबाईने पदर नाकाशी धरला, गल्लीतून ऑटो बोलावला आणि यवतमाळपर्यंत त्यांचं डोकं धरून बसली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत राहिलं.

दवाखान्यात नळी पुन्हा घालायला जी नर्स आली ती शकुबाईकडे पाहून थबकली.

"तुम्ही त्या व्हिडिओवाल्या काकू ना? मंदाकाकू जेवते कवा म्हणणाऱ्या? आमच्या हॉस्टेलमध्ये सगळ्या जणी पाहतो आम्ही."

शकुबाईने मान हलवली. नर्स मग सदाशिवरावांकडे वळली. "आजोबा, डोकं मागं करा. नळी ओढायची नाही बरं, लहान आहोत का आता आपण?" ती त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलत होती, आणि तिने त्यांना ओळखलं नव्हतं. तिच्या वयाच्या कितीतरी पोरी त्यांच्या गाडीने यवतमाळला कॉलेजात गेल्या होत्या.

नळी घालून झाल्यावर डॉक्टरने सहज म्हणून मान चाचपली. एका जागी बोटं थांबली. पुन्हा चाचपली. "ही गाठ कधीपासून आहे?" त्याने शकुबाईला विचारलं. तिला माहीत नव्हतं. सदाशिवरावांना माहीत होतं. दाढी करताना त्यांच्या हाताला ती बरेच दिवस लागत होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता कापण्यासारखं काही नाही. दुखण्याचं औषध दिलं आणि घरी न्या म्हणाले.

घरी आल्यावर एका दुपारी शकुबाई ओल्या फडक्याने त्यांची मान पुसत होती. सदाशिवरावांनी पाटी मागितली. लेखणी धरून लिहिलं, 'तू मालिका पाहताना हसत काहून नव्हती?'

तिने वाचलं, फडकं पिळलं.

"हासत होतो ना जी. आधी हासत होतो. मी हासली का तुमी म्हनत, हिले आता समजलं. पाव्हन्यांसमोर म्हनत. मंग मोबाईलवर म्हनाले लागले. मंग मी सोडून देल्लं."

तिच्या आवाजात राग नव्हता. मीठ संपलंय असं सांगावं तसं तिने सांगितलं. सदाशिवरावांनी मनगटाने पाटी पुसली. लेखणी पुन्हा टेकवली आणि खाली ठेवली. तोंड असतं तर काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. आयुष्यभर तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवीलालला बोलावून घेतलं आणि पुन्हा लिहायला लागले. आता दोन-चार ओळीच लिहवायच्या. प्रत्येक कागदाच्या शेवटी लिहायचे, 'आता तू बोल.' शकुबाई त्यांच्या ओळी वाचायची, ती शेवटची ओळ वाचायची नाही, आपलं काही बोलायचीही नाही, आणि कागद घडी करून ठेवायची.

मालिकेचा शेवटचा भाग तासभराचा होता. गल्लीत त्या संध्याकाळी सगळ्या घरांतून एकच आवाज येत होता. शकुबाईने सदाशिवरावांना उशांना टेकवून बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर न बसता खाटेच्या पायथ्याशी बसली. घर विकलं जाणार होतं, गोपाळकाका सामान बांधत होते, जुने भाडेकरू एकेक करून भेटायला येत होते. मागचं हसू नव्हतं, त्याऐवजी सनई वाजत होती. अर्ध्यावर जाहिराती लागल्या तेव्हा सदाशिवरावांची मान इतकी ठणकू लागली की त्यांनी दात असलेल्या बाजूने चादर चावली. शकुबाईने औषध नळीत सोडलं. ते उतरेपर्यंत मालिका पुन्हा सुरू झाली होती. त्यांनी हाताने खूण केली, बंद कर. तिने टीव्ही बंद केला.

सकाळी देवीलाल आला. "भाऊ, शेवट नाही पाह्यला? मी सांगतो ना, मंदाकाकू..." सदाशिवरावांनी हात वर केला. त्यांनी थांबत थांबत लिहिलं.

शकुबाई खुर्चीवर बसली आणि तिने वाचलं, "अर्धा भाग पाह्यला. जेवढा पाह्यला त्यात हासू आलं नाही. दोष मालिकेचा हाय का माह्या दुखण्याचा, ते सांगता येत नाही. उरलेल्याबद्दल मी काही बोलनार नाही."

पुढची ओळ होती, 'आता तू बोल.' ती थांबली. सदाशिवरावांनी खाटेवरून हात पुढे केला, बोल, बोल. देवीलालही मोबाईल धरून वाट पाहत होता. शकुबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"झालं, देवीलालभाऊ. बंद करा."

देवीलाल गेल्यावर सदाशिवरावांनी लिहिलं, 'काहून?'

"इतके वर्सं कोनी म्हनलं नाही, बोल म्हनून," ती म्हणाली. "तवा लय सुचे. आता तुमी म्हनता तं मले काही सुचत नाही." आणि तिने त्यांच्या हातातली पाटी काढून घेतली.

कापूस वेचणीला आला तेव्हा सदाशिवराव गेले. अंत्ययात्रेला डेपोचे लोक आले, रोजचे प्रवासी आले. दारात उभं राहून ते त्यांचे जुने विनोद एकमेकांना सांगत होते आणि हसून झालं की चपापून आत पाहत होते. आत बायांमध्ये शकुबाई बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. कोणीतरी 'आमच्या मंडळीले' असं म्हणून विनोद सुरू केला, आणि दुसऱ्याने त्याचा दंड दाबला.

तेरवी झाल्यावर देवीलाल आला. नवीन मालिका सुरू होते आहे, लोक तुमचीच वाट पाहत आहेत म्हणाला. शकुबाई नाही म्हणाली. जाता जाता त्याला आठवलं की त्या शेवटच्या भागाचा उरलेला अर्धा तिने पाहिलाच नाही.

"वहिनी, सांगू काय शेवटाले काय होते? मंदाकाकू ना, घरातून निघतानी..."

"त्यायनं अर्धाच पाह्यला. मलेही तेवढाच पुरे," शकुबाई म्हणाली आणि उठून आत निघून गेली. देवीलाल चपला घालून दुकानाकडे गेला.