खांद्यावरची चार बोटं

मोठेपणी मी माणसावर हात उचलला तो एकदाच, आणि तोही मुलगा गमावलेल्या बापावर. चूक माझी होती. पण ती कळेपर्यंत माझे त्याला दोन ठोसे मारून झाले होते.

मुकुंदवाडीतल्या एका गाळ्यात मी टीव्हीसारखे काचेचे पडदे बनवतो. चष्मा न लावता त्यांच्यावरचं चित्र भरीव दिसतं, माणूस काचेबाहेर आल्यासारखा. काचेवर बारीक उभ्या भिंगांचा पापुद्रा असतो आणि तो दोन्ही डोळ्यांना थोडं वेगळं चित्र पाठवतो. साध्या फोटोवरून असं काही करायचं तर आधी त्याचा करडा नकाशा काढावा लागतो, जवळचं पांढरं आणि लांबचं काळं. त्यावरून कॉम्प्युटर आठ बाजूंनी दिसणारी आठ चित्रं तयार करतो. एरवी माझी गिऱ्हाइकं म्हणजे दागिन्यांची दुकानं.

कन्नडकडचं ते जोडपं फोनमधला एकच फोटो घेऊन आलं. पंचविशीचा मुलगा, तोंडभर हसणारा, आणि त्याच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात. हातवाला फोटोतून कापलेला होता. बापाने उभ्या उभ्याच सांगितलं. उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत नंबरावरून दोघा जिवलग मित्रांची जुंपली, आणि मित्राने चाकं खोलायची लोखंडी टॉमी काढून याच्या डोक्यात घातली. खाली पडल्यावर आणखी दोनदा. कवटी कुठे फुटली, कान कसा लोंबत होता, हे तो स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून दाखवत होता. मला ऐकवेना, पण गप्प बसा म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. त्याला जाऊन वर्ष होत होतं, रविवारी घरी त्याचं पुण्यानुमोदन होतं. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी पोरगा समोर बसल्यासारखा दिसावा, एवढंच मागणं. आणि एक अट.

"ह्यो हात काढा, साहेब. ह्याच हातानं मारलाय त्याला."

मी होकार दिला. नकाशा मी त्याच दुपारी उरकून टाकला. हात दुसऱ्या दिवशी पुसला आणि तिथे शर्टाचा निळा रंग भरला. माझ्या साध्या मॉनिटरवर काम एकदम साफ दिसत होतं. मोठ्या पडद्यावर मी ते तपासलंच नाही.

शुक्रवारी दोघं आली. पडदा लागला आणि आई तोंडाला पदर लावून बघत राहिली. बाप आधी समोर उभा राहिला, मग डावीकडे सरकला, मग आणखी डावीकडे. त्याच्या गळ्यातून कसलासा आवाज आला. कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल त्याने उचललं आणि पडद्यावर घातलं. एकदा, दोनदा. काचा माझ्या पायापर्यंत उडाल्या. तिसऱ्यांदा स्टूल निसटलं तेव्हा तो नुसत्या मुठीने मारू लागला आणि मनगटावरून रक्ताची धार लागली.

माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांची मेहनत! मी मागून त्याची मान आवळली. त्याने डोकं मागे हाणलं, माझा ओठ फुटला. मग मी त्याला भिंतीला दाबून मारलं. मारताना मला बरं वाटत होतं, हे लिहायची लाज वाटते. तोही सोडत नव्हता. त्याचं गुडघ्याने पोटात मारणं अजून आठवतं.

आई मध्ये घुसली आणि माझ्या पाठीवर बुक्क्या घालू लागली.

"सोडा त्यांना. एक गेलंय घरातलं."

माझे हात आपोआप सुटले. बाप धापा टाकत फुटक्या पडद्याकडे बोट दाखवत होता. डाव्या बाजूची एक पट्टी अजून चालू होती. मी तिकडे वाकलो. खांद्यावर हात नव्हता, पण निळ्या शर्टाखालून चार बोटं आणि अंगठा वर आले होते. रंग मी पुसला होता, करडा नकाशा मात्र हातासकट जुनाच राहिला होता. मारणाऱ्याचा हात मी त्या पोराच्या शर्टात शिवून दिला होता.

चूक माझीच आहे, असं मी सांगितलं. माफीही मागितली, फुटक्या ओठाने ती धड उच्चारता येत नव्हती. आईने पदर फाडून नवऱ्याच्या मनगटाला बांधला. कुणी पोलिसांचं नाव काढलं नाही.

दुसरा लहान पडदा पडून होता, त्यावर रविवारपर्यंत काम होण्यासारखं होतं. अडचण खांद्याची होती. हाताखालचा खांदा त्या फोटोत मुळी नव्हताच, आणि अंदाजाने काढला तर तो लाकडाचा दिसला असता. खांदा दिसेल असा त्याचा दुसरा कुठला फोटो आहे का, म्हणून मी विचारलं. तसा नव्हता.

"माझा घ्या," बाप म्हणाला. "आमचा बांधा एकच व्हता."

तो खिडकीजवळ बसला. मी मारलेला गाल सुजला होता. त्याने स्वतःच शर्टाची कॉलर सारखी केली आणि खांदा माझ्याकडे वळवला.

"ह्याच खांद्यावं नेला त्याला," तो म्हणाला. "घ्या."

मी कॅमेरा धरला. फोटो तीनदा घ्यावा लागला.